नहर, घाट आणि दर्या : पाणी वळवण्याचा चारशे वर्षांचा हिशेब

मी मराठवाड्याचा. पण माझ्या पहिल्या नोकरीचा हुकूम निघाला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या, खाडीकाठच्या एका उर्दू शाळेचा. आमच्या भागातल्या डीएड-बीएड झालेल्या शेकडो मुलांचे असेच झाले आहे. गावी जागा नाहीत, कोकणात आहेत. निघताना अम्मीने एकच प्रश्न विचारला, "तिथे पाण्याचे काय?" आमच्या घरात नोकरी, लग्न, घर, कुठल्याही गोष्टीतला पहिला प्रश्न पाण्याचाच असे.

जूनमध्ये शाळेत हजर झालो आणि तो पाऊस पाहिला. आमच्याकडे चांगल्या वर्षात सातशे मिलिमीटर पडतो, तिथे तीन हजारांच्या वर. शाळेच्या ओसरीवर उभा राहून मी नदीचा तो तांबडा लोट पाहत होतो. शेजारी दालदी समाजातले एक वयस्कर मच्छीमार चाचा उभे होते. मी म्हणालो, "चाचा, एवढे पाणी समुद्रात वाया चालले आहे. आमच्याकडे लोक टँकरच्या रांगेत मारामाऱ्या करतात."

चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "वाया? मास्तर, मग आमी खातो काय?"

तेव्हा मला ते उत्तर कळले नाही. कळायला अकरा वर्षे लागली. नंतर आंतरजिल्हा बदलीने मी पुन्हा मराठवाड्यात आलो. मागच्या वर्षी शाळेत वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता : "कोकणचे वाया जाणारे पाणी मराठवाड्याला मिळालेच पाहिजे." आठ मुले बोलली. आठही जण बाजूने बोलले. विरोधात बोलायला कुणी तयारच नव्हते. परीक्षक म्हणून मी बक्षिसे दिली, पण घरी येऊन अस्वस्थ झालो. त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहितो आहे.

नहर या शब्दाची गोष्ट

मी उर्दू शिकवतो, म्हणून सुरुवात शब्दापासून करतो. अरबीत 'नहर' म्हणजे नदी. फारसीतून उर्दूत येता येता तिचा अर्थ झाला कालवा, माणसाने वळवलेले पाणी. आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मात्र नहर म्हणजे ना नदी ना कालवा. नहर म्हणजे मलिक अंबरने जमिनीखालून शहरात आणलेले पाणी.

मलिक अंबर हा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा. दख्खनमध्ये तो निजामशाहीचा वजीर झाला आणि मुघलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. 1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. जागा मोक्याची होती, पण पाणी नव्हते. त्याने उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी शोधले, ते भूमिगत कालव्यांत गोळा केले आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. वाटेत ठिकठिकाणी उतरून साफसफाई करायला मनुष्यविवरे, शहरात भाजक्या मातीचे नळ, आणि दाब सांभाळायला दगडी बंबे. पुढे याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यातलीच. तिच्यावर फिरणारे जाते पाहायला आजही शाळांच्या सहली येतात. त्याच सुमारास तापीकाठी बुऱ्हाणपुरातही अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याचे झिरपणारे पाणी असेच भूमिगत मार्गाने शहरात आणले गेले.

आमच्या लोकांना या नहरींचा अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. पण अभिमान बाळगताना त्या कशा चालत हे नीट समजून घ्यायला हवे. पहिली गोष्ट, हे पाणी काही कोसांवरून येत असे आणि त्याच खोऱ्यात राहत असे. वापरून झालेले पाणी खाम नदीतून शेवटी गोदावरीतच जाई. दुसरी गोष्ट, जमीन जेवढे झिरपू देईल तेवढेच मिळे. पंप नव्हता, त्यामुळे हाव धरली तरी जास्त ओढता येत नसे. तिसरी गोष्ट, ते पिण्यासाठी, वुजूसाठी, हौदांसाठी आणि बागांसाठी होते. हजारो एकर उसासाठी नव्हते. याचा अर्थ तो सुवर्णकाळ होता असे नाही. हवेल्यांत कारंजी उडत आणि गरीब बाई घागर घेऊन सार्वजनिक हौदावर उभी राही. ते पाणी सर्वांना समान मिळत नव्हते. पण त्या पाण्याने दुसऱ्या कुठल्या नदीचा गळा दाबला नव्हता. वर डोंगर उघडे पडले आणि नहरीवर घरे चढली, तसतशा नहरी आटत आणि तुंबत गेल्या. पाणी मुळात डोंगरातून येत होते, हे आपण विसरलो.

घाटावरचे पाणी कोकणात

पाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचा खरा मोठा प्रयोग महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी झाला, आणि गंमत म्हणजे तो आजच्या मागणीच्या नेमक्या उलट दिशेने झाला.

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या इंद्रायणी, मुळा, कोयना या नद्या पूर्वेला वाहतात. त्यांचे पाणी भीमा आणि कृष्णेतून दुष्काळी पठारावर जाते. पश्चिमेला मात्र सरळ कडा आहे. माथ्यावर पाणी अडवले आणि कड्यावरून खाली सोडले की वीज तयार होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी लोणावळ्याजवळ धरणे बांधून 1915 मध्ये खोपोलीला वीजघर सुरू केले, मग भिवपुरी आणि पुढे मुळशीच्या पाण्यावर भिरा. भीमेच्या खोऱ्यातले पाणी असे कोकणात उतरू लागले.

मुळशीला विरोध झाला. 1921 मध्ये मावळातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. धरणांमुळे विस्थापित होणाऱ्यांचा जगातला हा सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालेच. भातखाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. तेव्हाचा वाद जमिनीचा आणि घरादाराचा होता. नदीच्या बाजूने कुणी बोलत नव्हते. खाली भीमेकाठी राहणाऱ्याला आपल्या वाट्याचे पाणी दुसरीकडे वळले याचा पत्ताही नव्हता.

मग आली कोयना. साठच्या दशकात धरण झाले. सह्याद्रीच्या पोटात बोगदे आणि वीजघरे कोरली गेली. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी पोफळीला उतरते, वीज करते आणि चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीत जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून असे पश्चिमेला वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी पाणी मान्य केले. मराठवाड्याच्या जायकवाडीचा पूर्ण भरल्यावरचा जिवंत साठा सुमारे 76 टीएमसी आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. जवळजवळ एक जायकवाडी आपण दरवर्षी पूर्वेकडून उचलून, जिथे तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या कोकणात ओततो. आणि आता कोकणातून पाणी उपसून पूर्वेला न्यायचे म्हणतो.

कोयनेला मी नावे ठेवत नाही. तिच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला, आमच्या गावातला पहिला दिवाही त्यातूनच लागला असेल. पण एका पिढीने केलेला सौदा पुढच्या पिढीला किती महाग पडतो हे पाहण्यासाठी कोयनेइतके चांगले उदाहरण नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. मोठ्या जलाशयाच्या भाराने आणि मुरलेल्या पाण्याने भूकंप होऊ शकतो, या अभ्यासात जगभर आजही कोयनेचे नाव आधी घेतले जाते.

आणि वाशिष्ठी? फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या बाकीच्या नद्या दगडांच्या ओळी होतात. वाशिष्ठी मात्र वाहत असते. अवजलाचे हे गोडे पाणी उन्हाळ्यातही खाडीत उतरते. नदी बारमाही झाली, पिण्याला आणि कारखान्यांना पाणी मिळाले. पण खाडी ही गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या ठरलेल्या चढउतारावर जगते. पावसाळ्यात गोडे, उन्हाळ्यात खारे, हे तिचे पंचांग. कोणत्या महिन्यात बोय वर चढते, कोळंबीची पिल्ले कुठे वाढतात, कालवे कोणत्या खडकाला धरतात हे सगळे त्या पंचांगावर ठरते. त्यात बाहेरचे पाणी आले की पंचांग हलते. चाचा मला हेच सांगत होते. त्यांच्यासाठी नदीचा पूर म्हणजे गाळ, गाळ म्हणजे मासळीचे खाणे, आणि मासळी म्हणजे मुलांची फी. समुद्राला मिळालेले पाणी त्यांच्या हिशेबात जमेला होते, माझ्या हिशेबात खर्ची.

नदीपलीकडचा देश

पाणी वळवण्याची हाव कुठवर जाऊ शकते, हे पाहायचे तर मध्य आशियाकडे बघावे लागते. उर्दू-फारसी वाचणाऱ्यांना तो प्रदेश परका नाही. आपण त्याला 'मावराउन्नहर' म्हणतो, म्हणजे नदीपलीकडचा देश. ही नदी म्हणजे आमू दर्या, जुन्या ग्रंथांतली जैहून. दुसरी सिर दर्या, म्हणजे सैहून. तिच्या खोऱ्यातल्या फरगाण्यात बाबर जन्मला. आमूच्या खालच्या अंगाला ख्वारिज्म, जिथल्या अल-ख्वारिज्मीच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. या दोन्ही नद्या अरल समुद्राला मिळत. हे नावापुरते समुद्र, खरे तर खाऱ्या पाण्याचे सरोवर; 1960 च्या सुमारास जगातले चौथे मोठे.

सोव्हिएत सरकारला कापूस हवा होता. वाळवंटात कापूस पिकवायचा म्हणून दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांत वळवले. 1954 मध्ये सुरू झालेला काराकूम कालवा तर आमूचे पाणी हजार किलोमीटरहून दूर घेऊन गेला. वाळूतून खोदलेला कालवा. बरेच पाणी वाटेतच मुरायचे. कापूस झाला. आकडे वाढले. आणि समुद्र मागे सरकू लागला. वर्षाला हजारो टन मासळी देणारे सरोवर इतके खारट झाले की ऐंशीच्या दशकात मासेमारी संपली. मुयनाक हे बंदर होते. आज तिथल्या वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत आणि समुद्र कित्येक कोस लांब गेला आहे. उघड्या पडलेल्या तळावरचे मीठ आणि शेतांतून वाहून आलेली औषधे वाऱ्याबरोबर उडून गावांत आणि लोकांच्या छातीत गेली. 2007 पर्यंत सरोवराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला.

यातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. समुद्र आटतो आहे हे दिसल्यावर उत्तर काय सुचले? सायबेरियातल्या, उत्तरेला बर्फाळ समुद्राकडे 'वाया जाणाऱ्या' नद्यांचे पाणी वळवून दक्षिणेला आणायचे. शब्द तोच, वाया. शास्त्रज्ञ आणि लेखक या योजनेविरुद्ध उभे राहिले आणि 1986 मध्ये ती गुंडाळली गेली. म्हणजे एक नदी मारल्याची भरपाई दुसरी नदी वळवून करायची होती. पुढे कझाकस्तानने उत्तरेकडच्या छोट्या भागापुरते सिर दर्याचे पाणी अडवून धरले. 2005 मध्ये कोकअरल बांध पूर्ण झाला आणि तिथे मासे परत आले. नदीला तिचे पाणी दिले तर ती काही प्रमाणात माफ करते. पण दक्षिणेकडचा समुद्र गेला तो गेला.

आता आपला प्रश्न

महाराष्ट्र म्हणजे उझबेकिस्तान नाही, हे मला माहीत आहे. मराठवाड्याची तहान खोटी नाही हेही मला माहीत आहे, कारण मी तिच्यात वाढलो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. कृष्णेचे पाणी मांजरा खोऱ्यात आले, म्हणजे तेही खोरे ओलांडून. त्या गाडीवर हसणाऱ्याने कधी घागर वाहिलेली नसते. पण वर्गात मी मुलांना एक गणित घातले. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. पाच लाखांच्या फेरीने एक टीएमसी आणायला किती फेऱ्या? छप्पन्न हजारांहून जास्त. मुले गप्प झाली. गाडीने माणसांची तहान भागवता येते, ऊस भागवता येत नाही.

आज कागदावर अनेक योजना आहेत. उल्हास-वैतरणा खोऱ्यांतले पाणी उपसून गोदावरीत, दमणगंगेचे एकीकडे, नार-पारचे गिरणेत, कृष्णेचे उजनीमार्गे धाराशिव-बीडला. देशपातळीवर के. एल. राव यांनी 1972 मध्ये गंगा-कावेरी जोडायची कल्पना मांडली होती. आज केन-बेतवा जोडप्रकल्प प्रत्यक्ष सुरू झाला आहे आणि त्याच्या धरणात पन्नाच्या व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग बुडणार आहे. प्रत्येक योजनेचे गुणदोष वेगळे आहेत, सरसकट बोलणे बरोबर नाही. पण प्रत्येकीला विचारायचे प्रश्न सारखेच आहेत.

पहिला, ज्या नदीचे पाणी उचलायचे तिच्या खाडीचे काय? गोडे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी वर चढते, काठच्या विहिरी आणि भातखाचरे खारी होतात, गाळ थांबला की किनारा खचतो. दुसरा, वर धरण बांधायला सह्याद्रीचे जंगल बुडवायचे, तर जंगलामुळे मुरणारे पाणी पुढे येणार कुठून? तिसरा, एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्यात गेले की बरोबर मासे, वनस्पती, रोगजंतू आणि कारखान्यांची घाणही जाते. नद्यांनी लाखो वर्षे वेगळे ठेवलेले जीव एकत्र आले की स्थानिक मासा बहुधा हरतो. चौथा, काळ्या मातीत निचरा न करता पाणी ओतले तर जमीन क्षारपड होते. हे भाकीत नाही. नीरा कालव्याच्या काठावर इंग्रजांच्या काळातच दिसले, सांगली-कोल्हापुरात आजही दिसते. पाचवा, घाट चढवायला वीज लागते. एक टीएमसी पाणी पाचशे मीटर उचलायचे तर पंपांतली तूट न धरताही साडेतीन कोटी युनिटांहून जास्त. हे बिल कोण भरणार, लाभार्थी शेतकरी की सरकार? की एकदा उद्घाटन झाले की पंप बंद?

आणि सहावा प्रश्न आमच्या घरातला आहे. आलेले पाणी कुणाला मिळणार? जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो. 2005 चा जलसंपत्ती प्राधिकरणाचा कायदा झाला, समन्यायी वाटपाचे आदेश निघाले, उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ते उचलून धरले. मराठवाड्याचा तो हक्क होता आणि आहे. पण वरच्यांनी आमच्या वाट्याचे अडवले म्हणताना आम्ही आमच्या वाट्याचे काय केले? ज्या तालुक्यांत टँकर फिरतात त्याच तालुक्यांत उसाचे फड उभे आहेत. ज्याच्याकडे खोल बोअर आणि मोठी मोटर त्याचे पाणी. आमच्या मोहल्ल्यात आठवड्यातून एकदा नळ येतो आणि दोन कोसांवर ऊस डोलतो. हे पाणी कोकणातून आले काय किंवा आकाशातून, वाट तीच धरणार असेल तर माझ्या मोहल्ल्याला त्याचा काय उपयोग?

मी पाणी वळवण्याच्या विरोधात नाही. पिण्यासाठी लागेल तेवढे पाणी कुठूनही आणावे, त्यात हिशेब करू नये. माझे म्हणणे क्रमाचे आहे. आधी आपल्या खोऱ्यात पडणारा पाऊस मुरवावा, डोंगर झाकावेत, पीक बदलावे, गळके कालवे आणि नळ दुरुस्त करावेत. मग शंभर वर्षांपूर्वी पश्चिमेला सोडलेल्या पाण्याचा फेरविचार करावा. वीज आता उन्हापासून आणि वाऱ्यापासूनही होते. ऊन-वारा पाणी देत नाहीत. घाटावरून उतरवलेले पाणी माथ्यावरच थोडे कमी वळवणे हे खालून पुन्हा वर उपसण्यापेक्षा सोपे नाही का? वाशिष्ठीकाठी जे आता त्याच पाण्यावर जगतात त्यांना विचारूनच हे करावे लागेल, कारण साठ वर्षांत तोही एक हक्क झाला आहे. आणि इतके करूनही कमी पडले तर सर्वांत शेवटी दुसऱ्याच्या नदीकडे पाहावे, तेही तिच्या काठावर राहणाऱ्याला विचारून.

यंदा पुन्हा वक्तृत्व स्पर्धा होती. विषय मी बदलला नाही. फक्त एक अट घातली : चार जणांनी मराठवाड्यातला शेतकरी म्हणून बोलायचे आणि चार जणांनी कोकणातला मच्छीमार म्हणून. मुलांनी खाडी कधी पाहिलेली नव्हती, म्हणून मी फोनवरून चाचांच्या नातवाशी त्यांचे बोलणे करून दिले. चाचा आता नाहीत. नातवाने जाळी विकली आहेत, तो चिपळुणात रिक्षा चालवतो.

सातवीतल्या एका मुलीने मच्छीमाराच्या बाजूने भाषण केले. तिच्या घरी तीन दिवसांआड टँकर येतो. भाषण संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, पण मला पाणी तर पाहिजेच आहे."

मी तिला म्हणालो, "बेटा, मलाही." त्यापुढचे उत्तर मी अजून शोधतो आहे.